तळ्याकाठची भेग

माझ्या नवऱ्याला वाळवंट बघायचं होतं. लाल-पिवळ्या कड्यांमधून जाणारा सरळ रस्ता, त्यावर आपलं चालतंफिरतं घर, मागच्या बिछान्यावर झोपलेली मुलगी, असं चित्र कित्येक वर्षं त्याच्या डोक्यात होतं. ते अर्थात अमेरिकेतलं होतं. पण त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुट्टीत माझे बाबा आमच्याकडे जर्मनीत, येनाला आलेले होते. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाबांच्या पासपोर्टवर इकडचा तीन महिन्यांचा व्हिसा होता, अमेरिकेचा नव्हता, आणि त्यांना घरी एकटं ठेवून जाण्याचा प्रश्नच नव्हता. मग नवऱ्याने दोन रात्री नकाशे धुंडाळून जर्मनीतच एक वाळवंट शोधून काढलं.

"पोलंडच्या बाजूला, लाउसिट्झमध्ये," तो म्हणाला. "फोटो बघ ना. कॅन्यनच आहे, गेनाऊ, अगदी तसं."

फोटोत पांढरी वाळू होती, पावसाने चिरत नेलेल्या खोल घळी होत्या, आणि मागे आभाळ. माणूस एकही नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे, जाऊ.

आम्ही भाड्याने वोनमोबिल, म्हणजे तसं चालतंफिरतं घर घेतलं. बाबांना ते पहिल्या तासातच आवडलं. गॅस कुठे बंद करायचा, सांडपाण्याची टाकी कुठे उघडते, हे त्यांनी नवऱ्याच्या आधी समजून घेतलं. त्यांचं सगळं आयुष्य चंद्रपूरजवळच्या कोळशाच्या खाणीत गेलं होतं, सर्व्हे विभागात, मजूर म्हणून. साहेब दुर्बिणीतून बघणार आणि बाबा समोर लांब उन्हात आकड्यांची पट्टी धरून उभे राहणार. मी आता प्रयोगशाळेत भिंगांवर काम करते. पण बाबांनी त्या दुर्बिणीला कधी डोळा लावला नव्हता. ते नेहमी भिंगाच्या पलीकडच्या टोकाला असायचे.

पहिले दोन दिवस ड्रेस्डेनच्या पुढच्या दगडी सुळक्यांत मजेत गेले. तिसऱ्या दिवशी उत्तरेला वळलो आणि तासाभरात देश बदलल्यासारखं झालं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, सगळी एका उंचीची, एका वयाची, ओळीत लावलेली. घरं नाहीत, शेतं नाहीत. नॅव्हिगेशनवाली बाई शांतपणे सांगत होती, आता डावीकडे वळा. आणि डावीकडे रस्ताच नव्हता, वाळूचा बांध होता. पडद्यावर आमची गाडी निळ्या पाण्यातून चालली होती आणि बाहेर बघावं तर सुकी जमीन. थोड्या वेळाने उलट झालं. पडद्यावर गाव होतं, त्यातल्या गल्ल्यांची नावंही होती, आणि बाहेर काहीच नव्हतं.

"मामा, वो इस्ट दास दोर्फ?" मागून मुलीने विचारलं. ती सात वर्षांची. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर नेहमी जर्मनमध्ये. गाव कुठे आहे, असं ती विचारत होती.

एका उंचवट्यावर लाकडी मचाण होतं. तिथे चढून आम्ही पहिल्यांदा ते बघितलं. क्षितिजापर्यंत खड्डा. पिवळे, राखाडी, गंजासारखे लाल थर, एकाखाली एक पायऱ्यांसारखे उतरत गेलेले, आणि खूप दूर एक यंत्र, इतकं दूर की ते हलतंय की नाही तेही कळत नव्हतं. नवऱ्याने फोन काढला आणि खुशीत म्हणाला, "बाबा, कसा आहे आपला कॅन्यन?"

बाबांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले होते. ते एकेक थर डोळ्यांनी मोजत होते.

"जावईबापू," मग ते म्हणाले, "हे कॅन्यन नाही होय जी. हे तं ओपनकास्ट, उघडी खाण. तो पाहा बेंच, मातीची पायरी, त्याच्या खाली दुसरा बेंच. आन् थे पांढरे डोंगर म्हणजे वरची काढून फेकलेली माती. सारं आमच्यासारखंच हाये."

नवऱ्याचा चेहरा उतरला. त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण कॅन्यन म्हणत राहिलं की तो कॅन्यनच राहतो, असं त्याला वाटत होतं.

गाडीतलं पिण्याचं पाणी संपत आलं होतं, म्हणून खड्ड्याच्या कडेने जाताना लागलेल्या पहिल्या गावात आम्ही शिरलो. गाव सुंदर होतं. विटांची घरं, खिडक्यांना जाळीचे पडदे, फाटकापाशी अक्रोडाचं झाड आणि खाली अक्रोडांचा सडा. कोणी वेचलेले नव्हते. दुपारचे दोन वाजले होते, ऊन होतं, आणि कुठूनही भांड्याचा, कुत्र्याचा, रेडिओचा आवाज नव्हता. मुलगी एका दारापाशी गेली आणि आम्ही अडवायच्या आत तिने घंटेचं बटण दाबलं. आत घंटा वाजली. चांगली गोड, दोन सुरांची. वीज अजून चालू होती. आम्ही सगळेच उभे राहिलो, जणू आता कोणी येऊन दार उघडेल. कोणी आलं नाही. त्या दाराच्या बाजूला भिंतीवर नारिंगी रंगात एक आकडा फवारलेला होता. शेजारच्या घरावर पुढचा आकडा. मग त्याच्या पुढचा.

बाबा आकडे बघत रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. त्यांच्या चेहऱ्यावर मला न ओळखता येणारं काहीतरी होतं.

एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून आले. ते गावात उरलेल्या शेवटच्या तीन घरांपैकी एकातले. पाणी हवं तर कबरस्तानात नळ आहे, म्हणाले, आणि स्वतः बरोबर आले. कबरस्तानात दगड नव्हते. हिरवळीत ताज्या वाळूचे लांबट चौकोन होते, ओळीने, नीट सपाट केलेले. आम्ही डबे भरत असताना बाबांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढून हातात घेतली.

"विचारा त्याहिले," ते नवऱ्याला म्हणाले, "यांहिले कुठं नेलं?"

नवऱ्याने विचारलं. म्हातारबुवा म्हणाले, नवीन गावात. वीस-पंचवीस किलोमीटरवर नवीन गाव बांधलं आहे, रस्त्यांना इथलीच नावं दिली आहेत, आणि कबरीही त्याच क्रमाने ठेवल्या आहेत. शेजारी शेजारीच राहिले. "आल्झो, म्हणजे," ते जरा हसून म्हणाले, "बायको माझी तिकडे गेली आहे. मी अजून इकडे आहे." बायको राहायला गेली की कबरीत गेली, हे विचारायची आमची हिंमत झाली नाही.

रात्री कुठे थांबावं, तेही त्यांनीच सांगितलं. जुनी एक खाण होती, ती आता पाण्याने भरत चालली आहे. तिच्या काठावर गाड्यांसाठी मोकळी जागा आहे.

ती जागा म्हणजे नवऱ्याच्या फोटोतली जागा निघाली. एका बाजूला पांढऱ्या वाळूचा माळ आणि त्यात कमरेएवढ्या, कुठे घराएवढ्या घळी. दुसऱ्या बाजूला बर्च झाडांचा पट्टा, पानं पिवळी झालेली, आणि त्याच्या पलीकडे तळं. आमच्याशिवाय तिथे एकच वोनमोबिल होतं, एका वयस्क जर्मन जोडप्याचं. त्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या, हात हलवले. सगळं ठीक होतं. फक्त त्या तळ्याला लाट नव्हती. वारा होता, बर्चची पानं सळसळत होती, आणि पाणी काचेसारखं पडून होतं. ना बदक, ना मासा. काठाजवळच्या पाण्यात लहान पाइनची झाडं बुडालेली उभी होती, सुईसारख्या पानांसकट. पाणी कधीतरी हळूच वर आलं होतं आणि झाडांना हलायला सवड मिळाली नव्हती.

नवरा घळींचे फोटो काढायला गेला. मी स्वयंपाकाला लागले. बाबा आणि मुलगी झाडांकडे गेली. अर्ध्या तासाने मुलगी पळत आली आणि तंबूच्या खुंट्या मागू लागली, दोन. आबाजींना हव्यात म्हणे. मी बघायला गेले.

बर्चच्या पट्ट्याच्या अलीकडे, आमच्या गाडीपासून साठेक पावलांवर, बाबा गुडघ्यांवर बसले होते. गवत बाजूला सारून त्यांनी मला दाखवलं. जमिनीत भेग होती. करंगळी जाईल एवढीच. पण ती संपत नव्हती. दोन्हीकडे धनुष्यासारखी वळत झाडांमधून तळ्याकडे गेली होती.

"उन्हाने पडली असेल," मी म्हटलं.

"ऑक्टोबरात? ओल्या वाळूत?" त्यांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकली. मग बर्चची एक सरळ काटकी घेतली आणि ती दोन्ही खुंट्यांच्या मध्ये घट्ट बसेल इतकी मापून तोडली. "पाहा, माय," ते नातीला म्हणाले, "आता काडी फिट हाये. सकाळी पाहू." मुलीने ती काटकी खिशात जपून ठेवली.

खाणीत हेच त्यांचं काम होतं, ते मला जेवताना कळलं. डंपच्या, म्हणजे काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाच्या कडेला भेग पडली की माती सरकतेय का ते बघायला दोन्हीकडे खुंट्या, आणि रोज सकाळी मधलं अंतर मोजायचं. आणि दुसरं एक काम होतं. ते त्यांनी मला तोवर कधीच सांगितलं नव्हतं. नवरा मुलीला दात घासायला घेऊन गेला, आम्ही दोघंच टेबलापाशी होतो, बाहेर अजून थोडा उजेड होता.

"खाणीत जाणाऱ्या घरायवर नंबर टाकाचं काम मीच करत होतो," बाबा म्हणाले. "साहेब लिहीत जाये, मी डब्बा-ब्रश घेऊन रंगवत जाओ. सात गावं केली. त्यातलं एक तुह्या आईचं."

मला आजी आठवली. आईची आई. माझ्या लहानपणी ती आमच्या खाणीच्या क्वार्टरमध्ये राहायला आली होती. ती संध्याकाळी जागेवरून उठायची, सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीकडे चालत जायची आणि हात पुढे करून उभी राहायची. आई तिला खांद्याला धरून वळवायची. आम्ही भावंडं हसायचो. म्हातारी झाली आहे, एवढंच मला माहीत होतं.

"तिच्या घराचं दार त्या बाजूले होतं," बाबा म्हणाले. "परसातलं. मले माहीत हाये ना. त्याच दारावर मी नंबर टाकला होता. थे घरातच होती तवा. मले म्हणे, जावई, च्या घेऊन जा."

"आईला माहीत होतं?"

"तिनंच मले रंगाचे हात धुवाले राकेल देल्लं."

मग ते उठून ताटल्या गोळा करायला लागले. बाहेर तळ्याचा रंग आभाळापेक्षा उजळ दिसत होता, आणि तो बराच वेळ गेला नाही.

सकाळी दारावर थाप पडली तेव्हा मी कपडे करत होते. बाहेर दाट धुकं. बाबा दारात उभे, हातात ती काटकी. मुलीच्या खिशातून त्यांनी ती काढून नेली होती.

"तीन बोटं कमी पडून राहिली," ते म्हणाले. "उठा. गाडी काढा."

नवरा अर्धवट झोपेत होता. "बाबा, ही अधिकृत जागा आहे. धोका असता तर बोर्ड लावला असता. इथे प्रत्येक गोष्टीला बोर्ड असतो."

"बोर्ड माणसं लावतात जी," बाबा म्हणाले. "माती बोर्ड वाचत नाही."

मी बाबांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. घरात ते हळू बोलायचे, आईच्या मागून बोलायचे. हा कामावरचा आवाज असणार. मी दिवसभर मायक्रॉनचे अंश मोजते; तीन बोटं म्हणजे किती, हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. मी म्हटलं, "अरे, काढ गाडी."

"चालू करू नका आत्ताच," बाबा म्हणाले. "पहिले त्या दोघांले सांगा."

नवरा केबल आणि पायऱ्या आवरत होता. मी शेजारच्या गाडीपाशी गेले, पण तोंडातून शब्द नीट फुटेनात. मातीची भेग, घसरण, यांना जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला आठवत नव्हतं. तेवढ्यात माझी मुलगी पायजम्यातच पुढे झाली. तिने बाबांचं बोट धरलं होतं.

"माइन ओपा झाक्ट," ती स्पष्ट म्हणाली, "दी एर्दं गेट वेक." माझे आजोबा म्हणतात, जमीन निघून चालली आहे.

बाई कौतुकाने हसल्या. पुरुष हसले नाहीत. त्यांनी बूट चढवले आणि बाबांच्या मागे धुक्यात गेले. दोन मिनिटांनी परत आले ते थेट खुर्च्या मिटायला लागले.

बाबांनी सगळ्यांना खाली उतरायला लावलं. गाडीत फक्त चालवणारा. जमिनीला हादरा बसू नये म्हणून धावायचं नाही, दारं आपटायची नाहीत, दोन गाड्या एकामागे एक, मध्ये अंतर ठेवून. आम्ही उरलेले चौघं बाजूने चालत निघालो. पायाखालची वाळू घट्ट होती, नेहमीसारखी, आणि तरी प्रत्येक पाऊल टाकताना मला ती पोकळ वाटत होती. इंजिनांचा हलका आवाज सोडला तर धुक्यात काही ऐकू येत नव्हतं. मुलगी मध्येच कुजबुजली, खाली कोणी आहे का? मी म्हटलं, कोणी नाही. तिने विचारलं, मग आपण हळू का चालतोय? बाबांनी तिला उचलून घेतलं.

डांबरी रस्ता लागायला वीस मिनिटं लागली. रस्ता जरा उंचावर होता. तिथे थांबून त्या जर्मन गृहस्थांनी पोलिसांना फोन केला. बाईंनी थर्मासमधली कॉफी आम्हाला दिली. आता धुकं विरत होतं, आणि बर्चचा तो पिवळा पट्टा दूरवर ऊन पडून लखलखीत दिसायला लागला. तळं शांत. आमची जागाही दिसत होती, रिकामी. नवरा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "उगाच घाबरलो का गं आपण?"

मी उत्तर द्यायच्या आत मुलगी म्हणाली, "दी बॉयमं गेएन." झाडं चालली आहेत.

ती खरंच चालली होती. पडली नाहीत, मोडली नाहीत. सगळा पट्टा उभाच्या उभा, पानं सुद्धा न गाळता, तळ्याकडे सरकत होता. माणसांचा घोळका एकत्र उठून निघावा तसा. आवाज नव्हता. मी आवाजाची वाट बघत होते आणि तो येत नव्हता, हे मला अजूनही कोणाला नीट सांगता येत नाही. मग पुढची झाडं गुडघ्यापर्यंत गेली, कमरेपर्यंत, आणि शेंडे पाण्यावर थोडा वेळ पिवळे दिसत राहिले. त्यांच्यामागे आमची जागा वितळली. आदल्या दिवशी एकही लाट नसलेल्या त्या तळ्यातून एकच लाट उठून पलीकडच्या काठाकडे गेली. शेवटी एक आवाज आला, लांबून, कोणी झोपेत कूस बदलताना श्वास सोडावा तसा. एवढंच.

कॉफी देणाऱ्या बाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. त्याचे वळ दोन दिवस राहिले.

मी बाबांकडे बघितलं. ते वोनमोबिलच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी बसले. "बाबा, तुम्ही वाचवलंत सगळ्यांना," मी म्हटलं.

"मी नुसतं मोजलं," ते म्हणाले. "मोजूनच पाहत आलो सारा जन्म." आणि मग ते रडायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मुलगी त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. 

पोलीस आले, मागून आणखी एक गाडी आली, लाल-पांढऱ्या फिती लावल्या गेल्या. सगळा काठ बंद झाला. एका तरुण अधिकाऱ्याने आमचे जबाब घेतले. बाबांचा व्यवसाय काय, असं विचारल्यावर नवरा अभिमानाने म्हणाला, सर्व्हेअर. बाबांना तो शब्द बरोबर कळला.

"खोटं नका लिहू म्हणा," ते म्हणाले. "सर्व्हेअर नाही, मजूर. पट्टी धरणारा."

नवऱ्याने तसं सांगितलं. अधिकाऱ्याने आधी लिहिलेला शब्द खोडला, नवा लिहिला, आणि उठून बाबांशी हात मिळवला.

पुढचे दोन दिवस आमच्या हातात होते, पण कोणालाच कुठे जायचं नव्हतं. आम्ही घरी परतलो. बाबा ठरल्याप्रमाणे आणखी महिनाभर राहिले, नातीला बुद्धवंदना शिकवली, तिच्याकडून जर्मनमध्ये दहापर्यंत आकडे शिकले आणि नोव्हेंबरअखेर चंद्रपूरला गेले. तिकडे पोचल्यावर त्यांनी एक गोष्ट केली, ती मला भावाने फोनवर सांगितली. रंगवलेल्या सातही गावांतली माणसं आता कुठे कुठे राहतात, ते शोधत ते बसने हिंडायला लागले होते. भेटून काय बोलतात, ते घरी कोणाला सांगत नव्हते. भाऊ चिडला होता. या वयात कशाला? मी त्याला म्हटलं, जाऊ दे त्यांना.

माझ्यापुरतं सांगायचं तर हिवाळाभर मला हिरवळीवरून चालवेना. येनाला घरापासून ट्रामपर्यंत बागेतून वाट आहे. मी डांबरावरून वळसा घालून जायचे. प्रयोगशाळेतलं आमचं टेबल दाबलेल्या हवेवर तरंगतं, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांचे हादरे भिंगांपर्यंत पोचत नाहीत. एका सकाळी मी एकटीच होते, यंत्रं अजून बंद होती. मी त्या टेबलावर तळहात ठेवला आणि हलकेच दाबला. ते एवढंसं खाली गेलं, आणि आवाज न करता पुन्हा वर आलं.